कात तुकड्या-तुकड्यांनी निघतेय? साप नंतर बघा, आधी पेटी तपासा

इथं इंग्लंडात दिवाळीचा फराळ संपता-संपता घरोघरी हीटिंग सुरू होतं आणि मागोमाग मला फोटो यायला लागतात. पाठीवर जुन्या पोस्टरासारखी सोललेली कात, शेपटीला अडकलेलं चुरगळलेलं कडं आणि खाली प्रश्न: "दादा, ओढून काढू का?" गेली नऊ वर्षं माझ्याकडे एक रॉयल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर आहे. तिचं नाव कमळी. पहिल्या दोन हिवाळ्यांत तिचीही हीच गत झाली होती. त्यानंतर ओळखीतल्या सहा-सात जणांच्या पेट्या मी स्वतः जाऊन दुरुस्त केल्या. बिघाड दर वेळी जवळजवळ तोच निघाला, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

भारतातून वाचत असाल तर आधी एक गोष्ट. अजगर, नाग, धामण असे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींनाही २०२२च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंदणी लागते, आणि रॉयल पायथन त्या यादीच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ते कागद नसतील तर पुढचं सगळं फक्त माहिती म्हणून वाचा.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढं वाचा:

- कात एकसंध मोज्यासारखी न निघता पापुद्र्यांनी निघते
- अंगावर कागदासारखे पांढुरके, कोरडे पट्टे राहतात, बहुतेक मानेपाशी आणि पोटाच्या कडेला
- शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी चढलेली दिसतात
- बाकी अंग चकचकीत झालं तरी एक डोळा धुरकट किंवा सुरकुतलेला राहतो
- साप पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसून असतो

आणि बिघाड नसलेलं एक लक्षणही सांगतो, कारण निम्मे फोन त्याचेच असतात. कात टाकायच्या आधी सापाचा रंग मळकट होतो आणि डोळे निळसर दुधाळ दिसतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साठतो, त्यानं असं होतं. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. इथं लोक घाबरतात, "कात टाकायची विसरला की काय!" विसरलेला नसतो. डोळे स्वच्छ झाल्यावर तीन-चार दिवसांनी कात निघते. तेवढे दिवस त्याला हात लावू नका आणि खायलाही देऊ नका. बहुतेक साप या काळात तसेही खात नाहीत.

फुकटची तपासणी: निघालेली कात वाचा

कात कचऱ्यात टाकू नका. कोमट पाण्यात भिजवून टॉवेलवर पसरा. डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरा. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, त्याला आम्ही आय-कॅप म्हणतो, आणि कातीबरोबर तोही निघतो. कातीत दोन्ही डोळ्यांच्या जागी छोट्या घड्याळाच्या काचेसारख्या गोल टोप्या दिसल्या तर डोळे सुटले. तिथं भोक असेल तर टोपी सापाच्या डोळ्यावरच राहिली असण्याची शक्यता आहे. मग शेपटीचं टोक बघा. ते निमुळतं होत बंद झालेलं असायला हवं, उघड्या नळीसारखं नको.

कात सापापेक्षा लांब भरते, ताणली गेलेली असते. "माझा साप एका रात्रीत वाढला" म्हणून स्टेटस टाकणाऱ्यांसाठी एवढंच.

एखादा पट्टा पाठीवर राहिला आणि डोळे-शेपटी मोकळी असतील, तर घाई नाही. पेटी नीट करा. तो पट्टा आपोआप किंवा पुढच्या कातीबरोबर जाईल.

मिठाची परीक्षा

पेटीतली आर्द्रता किती, असं विचारलं की प्रत्येक जण छातीठोकपणे "सत्तर टक्के" सांगतो. मीही सांगायचो. माझ्याकडे दुकानातून पेटीबरोबर आलेला काट्याचा गोल मापक होता, काचेला चिकटवलेला. तो नेहमी सत्तर दाखवायचा. एक दिवस सहज काढून रेडिएटरवर ठेवला. तिथंही सत्तर! काटा अडकलेला होता आणि दोन हिवाळे मी त्याच्यावर विसंबून बसलो होतो.

म्हणून पहिला खर्च कराल तो डिजिटल मापकाचा, तोही बारीक वायरला सेन्सर असलेल्या. दहा-बारा पौंडांत येतो. नवा असला तरी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ भरा आणि त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसायला हवं, विरघळून पाणी व्हायला नको. झाकण आणि सेन्सर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर घरात एका जागी ठेवा. मिठाच्या संपृक्त पाण्यावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी आकडा ७१ दिसला तर तुमचा मापक चार कमी दाखवतो. मागं एक चिठ्ठी चिकटवून ठेवा. दहापेक्षा जास्त फरक असेल तर परत करा.

ही परीक्षा आधी सांगितली, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती याच आकड्यावर चालते. आकडा खोटा असेल तर तुम्ही कोरड्या पेटीला ओली समजून महिनाभर डॉक्टर शोधत बसाल.

सेन्सर लावायचा तो जमिनीलगत, थंड बाजूला. वर छताला लावून उपयोग नाही. साप छताला राहत नाही.

हिवाळ्यातच का?

बाहेर धुकं, भिंतीला ओल, आणि तरी घरात साप कोरडा कसा? बाहेर ५ अंशांची, पाण्यानं पूर्ण भरलेली हवा घ्या. तिच्या घनमीटरमधे जेमतेम सात ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली येते, कारण पाणी तेवढंच राहिलं आणि हवेची तहान वाढली. आता तीच हवा पेटीत दिव्याखाली ३१ अंशांवर न्या. वीस टक्क्यांच्या आसपास! मालवणात पावसाळ्यात पापड मऊ पडतात, त्याच्या बरोबर उलटं.

रॉयल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन त्या पट्ट्यातला. दिवसा तो उंदराच्या बिळात किंवा वारुळात पडून असतो. वारूळ बाहेरून ठणठणीत वाळलेलं दिसलं तरी आतली हवा दमट असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याला ६० ते ८० टक्के लागतात ते म्हणून. कात सुटायला आतला द्रव आणि बाहेरचा ओलावा दोन्ही हवेत. बाहेरून कोरडी पडलेली कात ताणण्याऐवजी फाटते.

पाच मिनिटांच्या दुरुस्त्या

झाकण बघा. काचेच्या टाकीवर जाळीचं झाकण असेल तर तुम्ही पाणी घालून घर दमट करताय, पेटी नव्हे. जाळीचा दोन तृतीयांश भाग स्वयंपाकघरातल्या फॉइलनं झाका. दिवा जाळीवर असेल तर त्याच्या भोवतीची जागा सोडा. पूर्ण बंद करू नका, कोंडलेल्या दमट हवेत बुरशी धरते. लाकडी व्हिव (व्हिवेरियम, म्हणजे पुढं काच असलेली लाकडी पेटी) असेल तर मागच्या जाळ्यांपैकी एक अर्धी बंद करा. लाकडी पेटीत ओलावा वाढवणार असाल तर आतले सांधे आधी मत्स्यालयाच्या सिलिकॉननं भरून, साप बाहेर ठेवून, पूर्ण वाळू द्या. नाहीतर भुशाचा बोर्ड फुगतो. माझी एक पेटी बिस्किटासारखी फुगली होती.

पाण्याचं भांडं मोठं, पसरट आणि जड हवं. ते दिव्याच्या अगदी खाली नको. पेटीच्या मधल्या भागाकडे सरकवा. एवढ्यानं पाच-सात टक्के वाढतात, जास्त अपेक्षा ठेवू नका.

स्प्रेच्या बाटलीबद्दल माझं मत वाईट आहे. सकाळी फवारलं की आकडा ८५ होतो, मालक खूश होऊन कामाला जातो आणि दोन तासांत सगळं पुन्हा ४०. वर भिजलेल्या पृष्ठभागावर साप लोळत राहिला की पोटाचे खवले कुजतात ते वेगळंच.

अंथरूण

खरा इलाज तळाशी आहे. वर्तमानपत्र, किचन पेपर किंवा ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा असेल तर ओलावा धरणार कशात? ॲस्पेन ओला केला की बुरशी येते. नारळाचा काथ्या किंवा सायप्रसच्या सालीचा चुरा घ्या आणि सात-आठ सेंटीमीटरचा थर द्या. पाणी वरून शिंपडायचं नाही. कोपऱ्यांत ओतायचं, झाडाच्या आळ्यात ओततो तसं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. खालून सावकाश वाफ वर येत राहते. माझ्या चार फुटी पेटीला हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा साधारण दोन मग लागतात. तुमची मात्रा मापक सांगेल.

प्रमाण कळतं ते हातानं. मूठभर अंथरूण तळातून काढून दाबा. लाडू वळला जायला हवा, पण बोटांतून पाणी गळायला नको. पाणी गळलं तर जास्त झालंय. वरच्या थरावर तळवा ठेवा, ओलं लागलं तर आठवडाभर पाणी बंद. पोटाखाली तांबूस ठिपके किंवा पाणी भरलेले फोड दिसले तर साप लगेच कोरड्या पेपरवर हलवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

दमट डबा

ज्यांना पेटी बदलायची नाही, किंवा भाड्याच्या घरात सुखी राहायचंय, त्यांच्यासाठी हा माझा लाडका उपाय. सापाचं वेटोळं आत मावेल एवढा आइस्क्रीमचा रिकामा डबा घ्या (आपल्या घरात रिकामे डबे नाहीत असं सांगू नका). झाकणात किंवा बाजूला सापाच्या सर्वात जाड भागाच्या दीडपट भोक करा आणि त्याची कड सॅंडपेपरनं घासून गुळगुळीत करा. कड करकरीत राहिली तर कातीबरोबर कातडीही जाईल. आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) निम्म्यापर्यंत भरा. रंग मळकट व्हायला लागला की डबा मधल्या भागात ठेवा. कमळी पहिल्या रात्री नुसती जीभ काढून वास घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात वेटोळं करून बसलेली दिसली आणि सहाव्या दिवशी नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी कात डब्याच्या तोंडाशी उलटी होऊन पडली होती. मॉस दर कातीनंतर बदला. आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हात धुण्याचा नियमही त्याचसाठी आहे. आमच्याकडे डब्यावर लाल मार्करनं "साप" असं लिहिलंय, तरी बायको त्या कपाटाकडे फिरकत नाही.

शिवाय पेटीत एखादी खरखरीत साल किंवा बोथट कडांचा दगड ठेवा. साप नाक घासून कातीला पहिली चीर पाडतो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पेटीत त्याला ती जागाच सापडत नाही.

उष्णता

इथपर्यंत सगळं बरोबर असेल आणि आकडा तरी चढत नसेल, तर उष्णतेकडे वळा. उबेच्या जागी ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५-२६ पुरतात. थर्मोस्टॅट नसलेला दिवा असेल तर तो आजच बदला, तो कातीपेक्षा मोठा धोका आहे. थंडी वाढली म्हणून अनेक जण मोठा बल्ब लावतात. त्यानं हवा अजून कोरडी होते, आणि साप उबेच्या खाली राहिला की अंगातलंही पाणी जातं. सापाच्या बाजूची कातडी सुरकुत्यांची दिसत असेल, किंवा विष्ठेबरोबरचा पांढरा भाग खडूसारखा कडक आणि पिवळट असेल, तर सापालाच पाणी कमी पडतंय.

माइट्स

साप सारखा पाण्यात बसतोय म्हणजे कोरडेपणा, असं धरून चालू नका. पाण्याच्या तळाशी मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ते बुडालेले माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे गोचिडासारखे बारीक जीव असतात. हनुवटीखालच्या खवल्यांत, डोळ्याच्या कडेला भिंगानं बघा. सापाला पांढऱ्या किचन पेपरवर रात्रभर ठेवलं की सकाळी पेपरवर ठिपके चालताना दिसतात. यांच्यामुळेही कात बिघडते, आणि उबदार दमट पेटी त्यांना फारच आवडते, म्हणून ओलावा वाढवण्याआधी हे तपासलेलं बरं. कुत्र्या-मांजराचं पिसवांचं औषध परस्पर मारू नका, त्यातल्या काही औषधांनी साप मरतात.

अडकलेली कात काढायची कशी

पेटी दुरुस्त झाली. अंगावर जे अडकलंय त्याचं आता बघू. झाकणाला भोकं असलेला प्लॅस्टिकचा टब घ्या. दोन टॉवेल कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा. पाणी मनगटावर ना गरम ना गार लागायला हवं, साधारण २९ अंश. टॉवेल टबात, साप टॉवेलांच्या मधे, झाकण बंद, आणि टब घरातल्या उबदार जागी अर्धा ते पाऊण तास. पाणी साठवायचं नाही. दमलेला साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. नंतर ओला टॉवेल हातात सैल धरून सापाला त्यातून स्वतःहून सरकू द्या. घर्षण त्याचं, वेग त्याचा. सुटेल ते सुटेल. नाही सुटलं तर एक दिवस सोडून पुन्हा. दोनदा करून जमलं नाही तर थांबा.

कोरडी कात नखानं ओढायची नाही. खालची नवी कातडी तयार नसेल तर ती रक्तासकट निघते. तेलही नको. माझी आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर कमळीकडे बघून दर वेळी म्हणते, "अरे, थोडं खोबरेल चोळ की तिला." आईला हो म्हणायचं आणि चोळायचं नाही. तेलानं कात चिकट होते, धूळ धरते आणि भिजवायला गेलं की पाणी आत शिरत नाही.

शेपटीचं टोक मात्र दर वेळी बघा. तिथली कडी एकावर एक चढत जातात, वाळली की आवळतात आणि रक्त थांबतं. ओल्या कापसात टोक दहा मिनिटं धरून बोटांत हलकेच फिरवा. बहुतेक वेळा टोपण निघाल्यासारखं कडं सुटतं.

डोळ्याला हात नाही

इथं माझं मत ठाम आहे. ओळखीतल्या एका पोरानं व्हिडिओ बघून आय-कॅप चिकटपट्टीनं काढली. डोळ्यावर जुनी टोपी नव्हतीच. कोरड्या हवेमुळे सापाच्या खऱ्या आय-कॅपला खळगा पडला होता, आणि तो दिसायला अडकलेल्या टोपीसारखाच दिसतो. पट्टीबरोबर खरं आवरण निघालं, आतला डोळा उघडा पडला. तो डोळा गेला.

फरक ओळखायचा तर टॉर्च बाजूनं तिरपी धरा. अडकलेल्या टोपीला कड दिसते, कधी सुटा पापुद्रा दिसतो. खळगा असेल तर पृष्ठभाग सलग असतो आणि दमट डब्यात एक-दोन दिवसांत तो भरून येतो. खात्री नसेल तर खळगा आहे असंच धरा. खरोखर टोपी असली तरी पेटी सुधारून पुढच्या कातीपर्यंत वाट बघता येते, बहुतेक वेळा दोन्ही थर बरोबर निघतात.

आता थांबा, डॉक्टरकडे जा

सलग दोन कातींनंतरही आय-कॅप राहिली. शेपटीचं टोक काळं, कडक झालं. पोटावर फोड आले. डोळा सुजला. तोंडातून बुडबुडे येतात, साप तोंड उघडून किंवा शिट्टीसारखा आवाज करत श्वास घेतो. ही फुफ्फुसाची बाब आहे, यात आठवडाही थांबू नका. माइट्स सापडले. आणि शेवटचं: मिठावर तपासलेला मापक ६५-७० दाखवतोय, उष्णता बरोबर आहे, तरी दोन कातींत तोच त्रास. मग दोष पेटीत नाही. आत संसर्ग किंवा दुसरा आजार असू शकतो आणि तो घरी ओळखता येत नाही.

जवळचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर चालेलच असं नाही. फोन करून सरळ विचारा, "सरपटणारे प्राणी नियमित बघता का?" माझ्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनीच मला विचारलं होतं की हा चावतो का, आणि साप मलाच धरायला लावला होता.

जाताना निघालेली कात झिपच्या पिशवीत घ्या. दोन आठवड्यांचे तापमान-आर्द्रतेचे आकडे, शेवटची विष्ठा कधी, शेवटचं खाणं कधी, हे एका कागदावर लिहा. साप उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ मारा, अभ्रा भोकं असलेल्या टबात ठेवा आणि टबाबाहेर एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. गाडीचा हीटर आधी दहा मिनिटं चालू करून ठेवा.